घरच्या इंटरनेटचं बिल कोणी भरायचं?

फाउंडरच्या घरच्या इंटरनेटचं बिल स्टार्टअपने भरावं का, असं परवा एका मैत्रिणीने विचारलं. तिने नुकतीच कंपनी काढलीय. विचारताना इतकी संकोचली होती, जणू तिजोरीत हात घालायची परवानगी मागतेय. मी म्हटलं, भर, बिनदिक्कत भर. तेव्हा घाईत होते, म्हणून सविस्तर इथे लिहितेय.

आमचं पहिलं दीड वर्ष ऑफिसच नव्हतं. पार्टनर त्याच्या घरून काम करायचा, मी माझ्या. त्याच्याकडे सगळ्यात साधा प्लॅन, अपलोडचा वेग १० एमबीपीएस. जाहिरातीत डाउनलोडचा आकडा मोठा दिसतो, पण आपलं घोडं अडतं ते अपलोडवर. व्हिडिओ कॉल, बॅकअप, सर्व्हरवर चढवायच्या फाइली, सगळं तिथूनच जातं. सगळं सुरळीत असलं तरी या वेगाने १ जीबी चढायला १३ मिनिटं लागतात, आणि घरातली बाकीची माणसंही तेच कनेक्शन वापरत असतात.

एका मोठ्या ग्राहकाला डेमो देताना पार्टनरचा आवाज तुटायला लागला, मग चित्र गोठलं. समजावून सांगताना वर उचललेला हात तसाच हवेत. पुढचा डेमो मी कसाबसा रेटला. नंतर विचारलं, "तू वरचा प्लॅन का घेत नाहीस?" तो म्हणाला, "अगं, पगार घेत नाहीये, घरात आधीच ओढाताण आहे. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी कंपनीकडे कसं मागू?" तीन महिने हे त्याने एकट्याने सोसलं होतं. डेमो फसला त्यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटलं.

फाउंडर खिशातून भागवतो तेव्हा तो खर्च नाहीसा होत नाही, फक्त वहीत दिसत नाही. मग बर्न रेट, म्हणजे दर महिन्याला कंपनीचे किती पैसे संपतात तो आकडा, खोटा, त्यावर ठरवलेली किंमत खोटी, पैसे कधीपर्यंत पुरतील हा अंदाजही खोटा. इंटरनेट, फोन, स्वतःचा लॅपटॉप असं करत हे बरंच साचतं. पुढे दहा माणसं घरून काम करायला लागली की हाच खर्च एकदम अंगावर येतो.

घरच्या आणि कंपनीच्या पैशांच्या सरमिसळीची भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. ॲरन सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याचा खटला कंपनी कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. कंपनीचे २०,००७ शेअर, त्यातले २०,००१ त्याचे, उरलेले सहा बायकोमुलांचे. कंपनी बुडाली, तेव्हा १८९६ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, तिची देणी त्याच्या डोक्यावर येत नाहीत. हा वेगळेपणा आपलं कवच आहे. कंपनीच्या कार्डावर घरची बिलं चढवत गेलं की ते आपणच पातळ करतो.

म्हणून आम्ही एक पान लिहिलं. बिल ज्याच्या त्याच्या नावावर, भरायचं त्यानेच, मग महिन्याअखेरी बिल जोडून क्लेम टाकायचा. वरच्या प्लॅनमुळे वाढलेली रक्कम पूर्ण कंपनीची, जुन्या बिलाचा अर्धा भाग कंपनीचा, कारण घरचेही वापरतात. कराचे नियम देशागणिक वेगळे, ते अकाउंटंटला विचारून घेतले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला हाच नियम. फाउंडरला मिळतं आणि सपोर्टच्या मुलीला नाही, असं असेल तर माझा या सगळ्याला विरोध आहे. तिचाही दिवस कॉलवरच जातो.

पहिला क्लेम तिनेच टाकला. पार्टनरचा त्याच संध्याकाळी आला, आधीच्या तीन महिन्यांची बिलं न जोडता. ती मी मागून घेतली.