पहारेकऱ्याचं नाव

मे महिन्यात ठाण्याला आलो तेव्हा घोडबंदर रोडला ताईच्या सोसायटीत एका खोलीवरून वाद पेटला होता. कॉलेजातल्या पाच-सहा मुलांनी रविवारी संध्याकाळी क्लबहाऊस मागितलं होतं, टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळायला. म्हणजे एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन बोलतात आणि काय साधलं ते फासा ठरवतो. कमिटी म्हणत होती, वाढदिवसाला घेतो तेवढं भाडं भरा. काही पालकांना मागणीच पटत नव्हती. घरात कंप्युटर घेऊन दिलाय, त्यावर हाच गेम मिळतो, मग खोली कशाला अडवायची? माझा १९ वर्षांचा भाचाही त्यांच्याच बाजूचा. "मामा, बाल्डर्स गेट थ्रीमध्ये नियम तेच आहेत. फासासुद्धा स्क्रीनवर पडतो, आकडेमोड मशीन करतं. चार-चार तास वह्या भरत कोण बसणार?"

तो चुकीचं बोलत नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत आला आणि वर्ष-दोन वर्षांतच प्लेटो या संगणक यंत्रणेवर त्याच्या धर्तीचे गेम लिहिले गेले. म्हणजे कंप्युटरवरचे हे गेम टेबलाच्याच पोटी जन्मले. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने २०२३ मध्ये काढलेला बाल्डर्स गेट थ्री तर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवरच उभा आहे. आणि एकट्या माणसाला कंप्युटर केवढी सोबत देतो, ते मला कुणी सांगायला नको. जर्मनीत डॉर्टमुंडमधला माझा पहिला हिवाळा. डिसेंबरात साडेचारला अंधार, जर्मन येत नाही, ओळखीचं कुणी नाही. रात्री एक वाजताही तो गेम माझ्यासाठी तयार असायचा. चुकलो तर सेव्ह केलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करता यायची. त्या महिन्यांचं ऋण मी मानतो.

तरीही ताईच्या जेवणाच्या टेबलावर एका दुपारी जे झालं, ते मला त्या गेममध्ये कधी मिळालं नव्हतं.

भाचा, १३ वर्षांची भाची आणि तिची मैत्रीण, अशी तिघं खेळायला बसली होती. खेळ मी चालवत होतो. खाडीकाठचा एक किल्ला, पहाटेचं धुकं, दाराशी एकटा पहारेकरी. माझ्या वहीत त्याच्यापुढे दोनच आकडे होते: चिलखत १६, जीव ११. नियमांच्या पुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याचे असतात तेच. तोवर मुलं सगळं इंग्रजीतच बोलत होती. "आय अटॅक" म्हणत भाच्याने वीस बाजूंचा फासा उचललाही. तेवढ्यात भाची म्हणाली, "थांब ना दादा. मी त्यांना विचारते, काका, जेवलात का?"

माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. मी तिला फासा टाकायला सांगितलं. तो स्टीलच्या ताटलीत खणखणला आणि १७ वर थांबला, म्हणजे तिचं म्हणणं साधलं. मग पहारेकरी माझ्या तोंडून म्हणाला, "नाही गं पोरी, काल रात्रीपासून डबाच आला नाही." तिने आपल्या शिदोरीतली भाकरी त्याला दिली आणि नाव विचारलं. मी म्हटलं, पांडुरंग. त्यानंतर भाच्याने तलवार काढली नाही, आणि कुणी इंग्रजीही बोललं नाही.

कंप्युटरमधल्या पहारेकऱ्यासाठी कितीही संवाद लिहून ठेवले, तरी लिहिणाऱ्याला जे सुचलं त्यातूनच एक निवडायचं असतं. टेबलापलीकडच्या माणसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. शिवाय दिलेली भाकरी परत घेऊन वेगळं काही करून बघता येत नाही. म्हणून तर भाची एवढी जपून बोलत होती.

इथे डॉर्टमुंडला आमचा गट वाचनालयाच्या खोलीत बसतो. भाडं नाही, नाव लिहिलं की किल्ली मिळते. दर ऑक्टोबरला शेजारच्या एसेनला खेळांचं प्रचंड मोठं प्रदर्शन भरतं, त्यामुळे मोठी माणसं खेळताना पाहून इथे कुणाला नवल वाटत नाही. आम्ही 'दास श्वार्त्झे आउगे' खेळतो. जर्मनांनी १९८४ साली आपल्या भाषेत काढलेला हा खेळ आजही जोरात चालतो. सोयींच्या बाबतीत मला तक्रार नाही. पण पहारेकऱ्याशी बोलायचं तर वाक्य आधी डोक्यात जुळवावं लागतं. "जेवलात का" याचं जर्मन मला येतं, पण त्यातून फक्त जेवण झालं की नाही एवढंच कळतं. आपल्याकडे त्या दोन शब्दांनी अनोळखी माणूस काका होतो.

म्हणून सोसायटीतला वाद मला चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. कंप्युटर की टेबल, हा प्रश्नच नाही. मुलं दोन्ही खेळतील. ठाण्यात माणसं आहेत, भाषा आहे. नाही ती जागा. दोन खोल्यांच्या घरात आजोबांची मालिका सुरू असते आणि कोपरीहून येणारा मित्र कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो. आठवड्यातले चार तास क्लबहाऊस फुकट उघडायला फार काही लागत नाही. मी कमिटीला तसं पत्र पाठवलंय, आणि मुलांनी तिथे मराठीत खेळावं, असं त्यांनाही मनापासून सांगितलंय.

उत्तर अजून आलेलं नाही. तोवर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी इथून खेळ चालवतो, मुलं ताईच्या टेबलाशी बसतात आणि आठ वाजता पानं घ्यायची म्हणून उठतात. गेल्या रविवारी पांडुरंगाचा डबा का आला नाही, ते शोधायला तिघंही धुक्यात वस्तीकडे निघाली होती. त्याच्या घराची कडी वाजवली आणि आठ वाजले.