हिज्कीया राजाविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

यहूदाचा राजा हिज्कीया याने एकही नगर न गमावता व खंडणी न देता अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब याला परतवले, असा संदेश सध्या फिरत आहे. हिज्कीयाची राजधानी यरुशलेम पडली नाही, हे खरेच, परंतु इ.स.पू. ७०१ च्या त्या स्वारीत तटबंदीची नगरे शत्रूने घेतली, आणि हिज्कीयाने ‘माझी चूक झाली’ असे कळवून ३०० किक्कार (वजनाचे प्राचीन माप) रुपे व ३० किक्कार सोने दिले, त्यासाठी स्वतःच मढवलेल्या मंदिराच्या दारांवरचे सोनेही काढले, हे पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) ‘२ राजे’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. सन्हेरीबाच्या कोरीव लेखातही ४६ नगरांचा आणि तितक्याच सोन्याचा उल्लेख आहे. पवित्र शास्त्राने जे लपवले नाही, ते आपण गाळणे मला योग्य वाटत नाही. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.