तिसरी-चौथीच्या पोरांना काय कळतं? निपाणीच्या सरांना उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

'आमच्या पोरांनी सांगितलेली पुस्तकं' ही यादी मी मागच्या महिन्यात इथं टाकली, त्यावर तुमची मोठी प्रतिक्रिया आली. नाव नाही, 'एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, निपाणी' एवढीच सही आहे, म्हणून सर म्हणते. मी ती दोनदा वाचली आणि रविवारी मुलांनाही वाचून दाखवली.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तिसरी-चौथीच्या मुलांना पुस्तकातलं काय कळतं की त्यांच्या आवडीवर यादी करावी? यादीत भुताच्या गोष्टी आहेत, दोन कन्नड पुस्तकं आहेत आणि 'श्यामची आई' नाही. मुलांच्या चिठ्ठ्या अशुद्ध मराठीत जशाच्या तशा दिल्यात. 'मुलं निवडतात' म्हणता, पण ट्रंकेत काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवता ना? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, की ज्या भागात एकेका मराठी शाळेसाठी झगडावं लागतं, तिथं मुलांच्या हातात निवडक आणि कसदारच पडलं पाहिजे.

शेवटच्या वाक्यातली तळमळ माझीही आहे. आमच्या घरात १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना हात जोडल्याशिवाय चहा होत नाही, तुमच्या निपाणीतही हे वेगळं नसणार. म्हणूनच सविस्तर लिहिते.

यादी कशी झाली ते मी तेव्हाच लिहायला हवं होतं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्याच घराच्या सोप्यात, दर रविवारी सकाळी पुस्तकांच्या दोन ट्रंका उघडतात. तिसरी ते सातवीची वीस-पंचवीस मुलं येतात, नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चार-पाचच. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कोरा कागद चिकटवलाय. पुस्तक आवडलं तर त्यावर पुढच्यासाठी दोन ओळी लिहायच्या. नाही आवडलं तर काही लिहायचं नाही, आणि मी विचारायचंही नाही. ती चिठ्ठी वाचून दुसऱ्या कुणी ते पुस्तक नेलं, पुरं केलं आणि त्यानंही खाली लिहिलं, तरच ते यादीत आलं. एकट्याच्या आवडीवर आलेलं त्यात एकही नाही.

आता काय कळतं ते बघा. फास्टर फेणेच्या एका भागात पाचवीतल्या मुलानं लिहिलंय: 'पहिली पाच पानं हळू जातात. सोडू नको. सायकल आली की पळतंय.' मोठ्यांनी लिहिलेल्या बालपुस्तकांच्या ओळखी मी पुष्कळ वाचल्यात. 'बालमनावर सुसंस्कार घडवणारे', 'आबालवृद्धांना आवडेल असे', असलं वाचून पुस्तकाचं काहीच हाती लागत नाही. या पोरानं पुस्तक कुठं रेंगाळतं आणि कुठून वेग घेतं ते नेमकं सांगितलं, तेही भा. रा. भागवतांच्या पुस्तकाबद्दल. त्याखाली दुसऱ्याचं अक्षर आहे: 'खरं आहे. फुरसुंगी कुठं ते ताईंना विचार.' मग नकाशा काढला, पुण्याजवळची फेणेची फुरसुंगी सापडली, तिथून खानापूर किती लांब ते बोटानं मोजून झालं. त्या दिवसापासून फेणेची पुस्तकं ट्रंकेत टिकत नाहीत.

दुसरी गोष्ट 'तोत्तोचान'ची. चौथीतला एक मुलगा अक्षराखाली बोट धरून वाचतो आणि दर रविवारी सगळ्यात बारीक पुस्तक शोधून नेतो. मी त्याला 'तोत्तोचान' देऊन पाहिलं होतं. जपानमधलं आहे, जगभर गाजलंय, चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलंय, त्यातली तोमोए शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, असं सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि बारीक पुस्तक घेऊन गेला.

पुढच्या रविवारी पाचवीतली एक मुलगी, जिचं घर रेल्वे गेटापाशी आहे, त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसली. 'हिची शाळा डब्यात भरते,' ती म्हणाली. 'कसल्या डब्यात?' 'खऱ्या रेल्वेच्या. लोंढ्याच्या गाडीला असतात तसल्या.' मग तिनं मुख्याध्यापकांचं सांगितलं. पहिल्या दिवशी ते तोत्तोचानला म्हणतात, तुला काय सांगायचंय ते सगळं सांग, आणि चार तास ऐकत बसतात. पोरगा तिच्याकडं बघतच राहिला. 'चार तास?' 'चार तास. मध्ये गप्प बस म्हणालेच नाहीत.'

त्यानं पुस्तक नेलं ते सहा आठवडे आणलं नाही. आणलं तेव्हा जागोजागी पानांचे कोपरे दुमडलेले होते, एका पानावर तेलाचं बोट होतं. मागच्या कागदावर लिहिलेलं: 'मलापण बोलायचं आहे.'

सर, तुम्ही एवढी वर्षं वर्गात उभे राहिलात. असं वाक्य एखाद्या मुलाकडून काढून घ्यायला काय लागतं हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. मी त्या पुस्तकाची थोरवी सांगत बसले होते, तिनं त्यातली एक जागा दाखवली, ज्या जागेत तो मुलगा स्वतः मावत होता. शिफारस याला म्हणायचं, असं मला तेव्हा समजलं. त्याच पुस्तकात मुलांनी डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरातलं काहीतरी आणायचं असतं. आमच्याकडं डोंगरातलं काय, अळंबीपासून फणसापर्यंत पाहिजे तेवढं. समुद्रातलं म्हणून पुढच्या रविवारी एकजण सुकट-भाकरी घेऊन आला आणि सगळ्यांनी मिळून खाल्ली.

वयाचंही बोलायला हवं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांना इंग्रजी प्रकाशक 'मिडल ग्रेड' म्हणतात आणि त्यांची वेगळी फळी लावतात. आपल्याकडं बालसाहित्य आणि कुमारसाहित्य असे दोन शब्द आहेत, पण बहुतेक वाचनालयांत 'बाल विभाग' म्हणून एकच कपाट असतं आणि त्यात पंचतंत्रापासून चरित्रांपर्यंत सगळं कोंबलेलं असतं. चित्रांची पुस्तकं या मुलांना पोरकट वाटतात, मोठ्या कादंबऱ्या झेपत नाहीत. आपल्या भागात तर नेमक्या याच वयात मूल मराठीपासून सुटतं. पाचवीला इंग्रजी माध्यमात घालतात, मग मराठी उरते ती घरात बोलण्यापुरती. मराठी वाचल्यानं त्याला मार्क मिळणार नाहीत, पुढं नोकरीच्या अर्जावरही त्याचा रकाना नसणार. मग त्यानं का वाचावं? वाचावंसं वाटलं म्हणून, याखेरीज माझ्याकडं दुसरं उत्तर नाही. आणि ते वाटणं समवयस्कांकडून जितकं लागतं, तितकं माझ्याकडून किंवा तुमच्याकडून लागत नाही.

मुलांच्या मताला किंमत देणं हे माझं खूळही नाही. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ग्रंथालयांच्या संघटनेनं १९४० पासून एक पुरस्कार चालवलाय, ज्यात विजेतं पुस्तक मुलांच्या मतांनी ठरतं. मोठ्या परीक्षकांचे पुरस्कार त्याच देशात वेगळे आहेत, १९२२ पासूनचं न्यूबेरी पदक आहेच. दोन्ही शेजारी शेजारी चालतात, एकानं दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. माझी यादीही तुमच्या यादीच्या जागी नाही.

'श्यामची आई'च्या तीन प्रती ट्रंकेत आहेत. मुलांनी नेल्या आणि अर्ध्यावर परत आणल्या, म्हणून ते यादीत नाही. मी ते लपवून नाव घातलं असतं तर यादी खोटी झाली असती. पण यावर मी बराच विचार केला. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, आणि त्याची रचना बघा: श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, प्रकरणांनाही 'रात्र' म्हटलंय, अशा बेचाळीस रात्री. ते पुस्तक सांगण्यासाठी आणि ऐकण्यासाठी बांधलेलं आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन 'वाच' म्हटलं की ते जड होतं. म्हणून जूनपासून शनिवारी संध्याकाळी मी एक रात्र मोठ्यानं वाचते. तळपायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामला आई म्हणते, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला लागू नये म्हणूनही जप; तो भाग वाचला त्या दिवशी घरी जाताना दोन मुली चपला हातात घेऊन दगडांवरून उड्या मारत गेल्या. पुस्तक पोचायला लागलंय, सर. पुढच्या यादीत येईलही, पण ते मुलांनी लिहिलं तरच.

भुतांच्या गोष्टींबद्दल फार लिहीत नाही. चिंचेखालून एकट्यानं जाताना पाय उचलायचं बळ त्यातूनच येतं.

कन्नड पुस्तकांचं मात्र मनापासून सांगायचंय. माझ्या लहानपणी आमच्या घरी 'चांदोबा' यायचा आणि शेजारी 'चंदामामा'. दोन्ही मद्रासहून, एकाच प्रकाशकाची. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम दोन्हीकडं तोच. आमचा अंक आधी आला की शेजारची मैत्रीण आमच्या कट्ट्यावर, त्यांचा आला की मी त्यांच्या. चित्राखालची ओळ आधी मराठीत वाचायची, मग तिच्याकडून कन्नडमध्ये. मी कन्नड अक्षरं शाळेच्या आधी तिथं शिकले, आणि त्यानं माझं मराठी तसूभरही कमी झालं नाही. आजच्या मुलांना कन्नड शाळेत शिकावीच लागते. त्यातली एकजण प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची एक चित्रकथा दोन्ही भाषांत छापून मिळते म्हणून दोन्ही वाचते आणि कुठला शब्द कुणी चांगला वापरला त्यावर वाद घालते. तिच्या चिठ्ठीत कन्नड पुस्तकाची शिफारस मराठीत लिहिलेली आहे. ती मी कुठल्या तोंडानं यादीतून काढू?

भाषेच्या शुद्धतेबद्दल. 'मी रात्री वाचूलालो होतो तवर लाईट गेली' हे एका मुलाच्या चिठ्ठीतलं वाक्य मी मुद्दाम तसंच ठेवलं. सोप्यात बसून बोलतो तेच त्यानं लिहिलंय, आणि त्याला वाटलं की हे लिहिण्याजोगं आहे. बेळगावच्या इंदिरा संतांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांच्या कथांतला लंपन हा मुलगा याच कन्नड-मराठी सरमिसळीत वाढला आणि साऱ्या महाराष्ट्रानं त्याला डोक्यावर घेतलं. ऱ्हस्व-दीर्घाचं तुमचं म्हणणं मात्र मी मान्य करते. आता चिठ्ठी लिहून झाली की आम्ही दोघं बसून वेलांट्या-उकार बघतो, शब्द तेच ठेवून.

'निवडक आणि कसदारच' या शब्दांवर थोडं अडखळले. एका शाळेत मी पुस्तकांचं कपाट बघितलंय, उत्तम निवड, सगळी कसदार, आणि दाराला कुलूप. हरवली तर तपासणीला काय दाखवायचं, असं उत्तर मिळालं. पुस्तकांची पानं पावसाळी ओलीनं एकमेकांना चिकटलेली होती.

आणि आता तुमचा तो मुद्दा, जो मला टोचला, कारण तो खरा आहे. ट्रंकेत काय ठेवायचं ते मीच ठरवते. बेळगावात जे मिळतं, कोल्हापूरला गेले तर जे दिसतं, कुणी दिलेलं जुनं. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते, पण आपल्या शाळांत पाठ्यपुस्तकं कर्नाटकची, त्यामुळं ते शाळेतून कुणाच्या नजरेला पडत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावरचे जुने अंक उतरवून मी खानापुरात झेरॉक्स काढते. माझ्या ट्रंकेतले नायक बहुतेक पुण्या-मुंबईचे मुलगे. हे मला तुमच्या प्रतिक्रियेआधी दिसलं नव्हतं.

म्हणून त्या रविवारी मुलांना विचारलं, ट्रंकेत नाही असं कुठलं पुस्तक हवंय? फळ्यावर लिहून घेतलं. भातात रात्री हत्ती शिरतात त्यांचं. भीमगडच्या जंगलातल्या अस्वलाचं. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पुढं कुठं जाते त्याचं. गोव्याला कामाला गेलेल्या बाबांचं. आईबरोबर नट्टीला गेलेल्या मुलीचं. या पाचांपैकी एकही पुस्तक माझ्याकडं नाही, आणि या वयाच्या मुलांसाठी मराठीत असेल तर मला सापडलेलं नाही. तुमच्याकडं किंवा वाचणाऱ्या कुणाकडं असेल तर कृपया कळवा, पोस्टाचा खर्च मी देईन.

तुमची प्रतिक्रिया वाचून झाल्यावर मुलं थोडा वेळ गप्प होती. मग रेल्वे गेटाजवळची ती मुलगी म्हणाली, 'सर आमच्याएवढे असताना त्यांना कुठलं पुस्तक आवडायचं? ते लिहिलंच नाही की त्यांनी.' तिनं विचारून घ्यायला सांगितलंय. पान कुठलं आणि का, तेही.