पट्टा, बक्कल आणि जाहिरातीतली बाई: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत की जाहिरातीत बॅग अडकवून चालणारी बाई एआयने बनवलेली आहे हे आम्ही लपवलं, पट्टा तिच्या कमरेपर्यंत येतो पण तुमच्या काखेतच अडकतो, आणि न्यूयॉर्कमध्ये आम्हाला दंड झाला असता.

बाई एआयचीच. आमच्याकडून तुम्हाला आधी उत्तर गेलं, 'वर्णनात लिहिलेलं आहे.' काल मी स्वतः फोनवर जाहिरात उघडून पाहिली. 'आणखी वाचा' दाबलं, बॅगेची निगा कशी राखावी ते सगळं ओलांडलं, तेव्हा कुठे फिकट करड्या अक्षरांत ती ओळ सापडली. कुठे आहे हे ठाऊक असूनही दोनदा नजरेतून सुटली. याला सांगणं म्हणत नाहीत.

न्यूयॉर्कचं तुम्ही बरोबर लिहिलंत. तिथल्या कायद्याचा अंमल जून २०२६पासूनचा. जाहिरातीत कृत्रिम कलाकार आहे हे जाहिरात करणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने ते ठळकपणे सांगायचं. नाहीतर पहिल्या वेळी १,००० डॉलर, पुढे दर वेळी ५,०००. 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय आम्हाला नाहीच, चित्र आमच्याच हातचं. नॉर्वेत तर २०२२पासून जाहिरातीतल्या माणसाचा बांधा किंवा त्वचा बदलली की चित्रावरच ठरावीक खूण लावावी लागते. तेव्हा ते वाचून मी हसलो होतो, की आता खूणही सरकारने ठरवायची का! ती विक्रेत्यावर सोडली की तिची करडी ओळ होते, हे आता माझ्याच दुकानात पाहिलं.

पण 'एआय लिहिलं असतंत तर माझी तक्रार नव्हती' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. तिथे तुम्ही आम्हाला फार स्वस्तात सोडताय. बॅगेचा फोटो खरा होता, टेबलावर ठेवून काढलेला. बाईच्या खांद्यावर ती चढवताना सॉफ्टवेअरने पट्टा चांगला वीतभर वाढवला. चित्र मोठं करून पाहा: डावीकडचं बक्कल नाहीच, पट्टा थेट कोटाच्या शिवणीत शिरलाय. चार जणांनी ते चित्र पास केलं, त्यात मीही. एआयच्या चित्रात बोटं चुकतात म्हणून सगळे बाईची बोटं मोजत बसलो होतो! 'एआयनिर्मित' लिहिल्याने बाई कुठून आली ते कळलं असतं. पट्टा खोटा तो खोटाच राहिला असता.

ती जाहिरात काल रात्री उतरवली. नवीन चित्रात बॅग आणि पट्टा जसा आहे तसा, लांबी सेंटीमीटरमध्ये, आणि बाई ठेवलीच तर तिच्याशेजारी 'चित्रातील व्यक्ती एआयनिर्मित' असं चित्रावरच, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ती जाहिरात पाहून ज्यांनी बॅग घेतली, त्या सगळ्यांना परत करता येईल. नेण्या-आणण्याचा खर्च आमचा. तुमचे पैसे आज परत पाठवतोय.

नवीन चित्र उद्या चढेल. जमलं तर मोठं करून बघा, बक्कल दोन्ही बाजूंना आहे ना ते.