हप्ता की ओटी?

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मी एवढंच विचारलं की चिपळूणच्या दुकानाचा विमा यंदा उतरवलाय का. मामांचं उत्तर लगेच आलं : "अगं बाय, तुमच्याकडे सरकार आहे, आमच्याकडे देव आहे. त्या हप्त्याच्या पैशात करंजेश्वरीची ओटी भरू. ती बघून घेईल." खाली भराभर जोडलेले हात. त्यात आईचेही.

मला ते झोंबलं. देवाचं नाव घेतल्याबरोबर नगरपरिषद, पाटबंधारे आणि विमा कंपनी अशा तिघांची एकदम सुटका होते, म्हणून तर झोंबलंच. पण त्याहून जास्त झोंबलं ते "तुमच्याकडे". मी जर्मनीत बॉनला राहते. हाउसराटला (घरातल्या सामानाच्या विम्याला) एलेमेंटार (पुरासारख्या आपत्तींचं संरक्षण) जोडलेलं आहे, हाफ्टफ्लिख्ट (माझ्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) आहे, वार्नटागला, म्हणजे इशाऱ्याच्या सरावाच्या दिवशी, अकरा वाजता फोन किंचाळला की दचकतसुद्धा नाही. म्हणजे मी जणू देव विकून सरकार घेतलं!

मामा, जुलै २०२१ आठवा. १४ तारखेच्या रात्री माझ्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या आर नदीच्या खोऱ्यात पाणी घुसलं. २० ला आषाढी, करोनामुळे पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. २२ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली आणि त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर डोंगर कोसळला. एवढ्या दिवसांत मला सरकारही दिसलं आणि देवही.

आता सरकारवाल्या देशात काय झालं ते ऐका. युरोपच्या पूर-इशारा यंत्रणेने काही दिवस आधीपासून सावध केलं होतं. आरकाठच्या आल्टेनआर गावात पाण्याची पातळी मोजणाऱ्या मापकावरचा जुना उच्चांक ३.७१ मीटर होता. त्या रात्री मापकच वाहून गेला आणि पुढे पाण्याचा अंदाज दहा मीटरच्या आसपास निघाला. लोकांना हलवायचा आदेश निघाला रात्री ११ नंतर, तोही काठापासून ५० मीटरपर्यंतच्या घरांना. त्याच खोऱ्यातल्या झिन्त्सिगला अपंगांच्या वसतिगृहात तळमजल्यावरचे १२ जण बुडाले. एकट्या आर खोऱ्यात सव्वाशेहून जास्त माणसं गेली. जिल्हाप्रमुखाची चौकशी झाली आणि २०२४ मध्ये खटला न भरताच फाईल मिटली. धोक्याचे नकाशे काढताना १८०४ आणि १९१० चे महापूर हिशेबातच धरले नव्हते, हे तर मला सगळ्यात आपल्याकडचं वाटलं. कागदाची सुरुवात झाली तिथून नदीची सुरुवात झाली असं समजणारे बाबू सगळीकडे सारखेच.

तरी इथे फरक पडला, हे मी मामांना ठणकावून सांगते. २०२३ पासून धोक्याचा इशारा थेट मोबाईलवर येतो. कुणी म्हटलं नाही की नदीची इच्छा. यावर मामा म्हणणार, आम्ही काय झोपलो होतो? खरंय. वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले तेव्हा मामाही मांडवात होते. निळ्या-लाल पूररेषांवरून ते आजही कुणाशीही तासभर भांडतात. मग मामा, तेव्हा ओटी भरून गप्प का नाही बसलात?

आणि आपला देव तरी कुठे निमूट भक्तीचा? गाऱ्हाणं घालताना आपण त्याला कामं नेमून देतो, कौल लावून त्याच्याकडून होय-नाही वदवून घेतो. दामाजीपंतांची गोष्ट मला मामांनीच सांगितली. दुष्काळात मंगळवेढ्याचं सरकारी कोठार एका अंमलदाराने उघडलं, विठोबा त्यानंतर आला. विठू महार होऊन त्याने बीदरला पैसे भरले आणि पावती घेतली. साक्षात पांडुरंगाला पावती लागते, आणि मामांना विम्याचा कागद नको!

मामांचा राग फुकटचा नाही, हे मला माहीत आहे. पुराच्या वेळी दुकानाचा विमा होता. सर्व्हेअर आला, भिजलेल्या कापडाच्या ताग्यांचे फोटो काढून गेला, बरेच महिने कागद फिरले आणि हातात आलं ते नुकसानीच्या पाव हिस्साही नव्हतं. दुकानात गुडघाभर चिखल होता तो उपसायला मात्र धर्माधिकारींच्या निरूपणाच्या बैठकीतली माणसं आली. फावडी त्यांची, घमेली त्यांची. आई सांगते, चहासुद्धा घेतला नाही, पुढच्या दुकानात गेली. मामा विचारतात, "तुझ्या विम्यात माणूस येतो का गं चिखल काढायला?" नाही येत.

२२ ला, पुराच्या दिवशी, सकाळपासून आईचा फोन लागत नव्हता. ती माळ्यावर होती, हे मला नंतर कळलं. एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी एक हॉटलाईन असते. त्या दिवशी एकही नंबर कामाचा नव्हता. मी स्वयंपाकघरात उभी राहून आजोबांच्या सुरात मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, माझी आई माळ्यार असेल नायतर छपरार, तिला सांभाळ." शेजारणीने नक्की ऐकलं असणार. शेवटचं "व्हय म्हाराजा" म्हणायलाही मीच.

करोनामुळे तिकडे जाणं शक्यच नव्हतं. मग शनिवारी रबरी बूट घालून ग्राफशाफ्टहून हेल्फर-शटल, म्हणजे मदतीला जाणाऱ्यांची बस, पकडली आणि आरच्या काठावर एका अनोळखी आजींच्या तळघरातला चिखल बादल्यांनी उपसला. डिझेल आणि सडक्या बटाट्यांचा वास होता. आजींनी कॉफी दिली, विचारलं कुठली तू. मी म्हटलं, बॉनची. त्या खूश झाल्या, जवळचीच निघाले. आमच्या दुकानातला चिखल परक्यांनी काढला, मी परक्यांचा काढला, आणि देव बघून घेतो तो असाच, असं मामांना कबूल करायला मला जड जातं. कारण मग माझ्या लांब राहण्यालाही देवाची परवानगी निघते. तेवढी सवलत मला नको.

विम्याचा हप्ता मी काल इथून भरला, आईच्या नावाने. मामांना कळल्यावर भांडण होईल. ते ग्रुपवर होणार नाही, दुकानात होईल, आणि ऐकून घ्यावं लागेल आईला.