झिप, झॅप आणि लेखापरीक्षण

पुण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात मी दर रविवारी सकाळी मुलांचा नाट्यवर्ग घेते. वर्गाचा पहिला अर्धा तास वॉर्मअपच्या खेळांचा असतो, आणि गेल्या रविवारी त्या अर्ध्या तासाचे मुलांच्या देखत रीतसर लेखापरीक्षण झाले. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

पालकांनी वर्गाबाहेर थांबावे असा आमचा नियम आहे. परंतु व्हरांड्यात ऊन येते या कारणास्तव एका विद्यार्थ्याचे आजोबा प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः उचलून आत आले आणि बरोबर पंख्याखाली बसले. सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यातून आपण निवृत्त झालो आहोत, ही माहिती त्यांनी न विचारता दिली. मी त्यांना ‘काका’ म्हटले, त्यांनी मला ‘मॅडम’ म्हटले, आणि येथपर्यंत सर्व काही सभ्यपणे चालले होते.

मुलांना मी सभागृहभर चालायला सांगितले होते. अनेक नाट्यवर्गांत घेतला जाणारा हा व्यायाम आहे. जमीन म्हणजे पाण्यावरचा तराफा आहे असे मानायचे, एका बाजूला गर्दी झाली तर तो कलंडेल म्हणून दिसेल ती रिकामी जागा भरत राहायचे, आणि ताईने ‘एक’ म्हटले की अगदी सावकाश व ‘दहा’ म्हटले की सुटणारी लोकल पकडायच्या वेगाने चालायचे, मात्र कुणाला धक्का लावायचा नाही. रंगमंचावर सगळ्यांनी मिळून माइकच्या खाली घोळका करण्याची जी आपल्या मुलांची परंपरागत सवय आहे, ती या चालण्याने बऱ्यापैकी मोडते. आजोबांनी हे सारे वर्तमानपत्राच्या वरच्या काठावरून पाहून घेतले.

“मॅडम, ही मुले निघाली आहेत कुठे?”

“कुठेच नाही, काका. नुसती चालत आहेत.”

“आमचा नातू अकराव्या महिन्यात चालायला लागला. त्याचे शुल्क तेव्हा आम्ही कुणाला दिले नव्हते.”

मी हसले, कारण मुले पाहत होती. मग आम्ही गोल करून ‘झिप, झॅप, झॉप’ सुरू केले. टाळी वाजवून समोरच्याकडे हात करायचा आणि ‘झिप’ म्हणायचे, त्याने तिसऱ्याकडे ‘झॅप’ टाकायचा, तिसऱ्याने ‘झॉप’, आणि पुन्हा झिप. यात डोळ्याला डोळा भिडवणे, दुसऱ्याकडून आलेले नीट स्वीकारणे आणि पुढच्याला स्पष्टपणे देणे एवढेच काय ते असते, आणि संवाद म्हणण्याचे काम याहून फारसे वेगळे नसते. आजोबा आता खुर्ची घेऊन दोन हात पुढे सरकले.

“झिप म्हणजे काय?”

“काही नाही. त्याला अर्थ नसतो.”

“मग पाठ कशाला करायचे?”

“पाठ करायचे नसते, काका.”

“पाठ करायचे नाही, अर्थही नाही, तर चूक झाली हे ठरवायचे कुणी?”

तेवढ्यात एक मुलगा झॅपच्या जागी झॉप म्हणाला, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याच्याकडून मोठ्ठा नमस्कार करवून घेतला. आजोबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

“चुकल्याबद्दल टाळ्या? अहो, आमच्या खात्यातसुद्धा एवढी सूट नव्हती.”

वास्तविक उच्चाराच्या सरावाने तरी त्यांचे समाधान होईल, अशी माझी अपेक्षा होती, कारण वाणीशुद्धीला मराठी माणूस सहसा विरोध करत नाही. म्हणून मी मुलांकडून ‘काकांनी काकूंच्या कपाटातले कामाचे कागद कात्रीने कराकरा कापले’ हे वाक्य आधी हळू आणि मग वेगाने म्हणून घेऊ लागले. हे वाक्य निवृत्त लेखापरीक्षकाच्या कानावर काय परिणाम करील, याचा अंदाज कुणालाही आला नसता.

“कसले कागद?” त्यांनी विचारले.

“कामाचे.”

“मूळ प्रती की झेरॉक्स?”

“ते वाक्यात नाही, काका.”

“वाक्यात नाही हेच तर म्हणतो! काकूंच्या ताब्यातील कागद काकांनी विनापरवाना नष्ट केले, आणि वीस मुले ते एका सुरात आनंदाने म्हणत आहेत. उद्या घरची बिले कापली तर जबाबदार कोण?”

यावर मुले इतकी हसली की पुढची पाच मिनिटे एकालाही ‘कपाट’ म्हणता आले नाही. त्या हास्याने मात्र आजोबांना भलतेच बळ मिळाले. आमच्या काळी असले काही नव्हते, सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ची बालनाट्ये आम्ही मुंबईत पाहिली, त्यांत राजे होते, चेटकिणी होत्या, तिथे कुणी झिप म्हणत नव्हते, असे त्यांनी खणखणीत आवाजात ऐकवले. आता ‘लिटल थिएटर’ सुरू झाले १९५९ साली, आणि ज्या सुधाताईंचे नाव माझ्या तोंडावर फेकले गेले त्यांनी बालरंगभूमी म्हणजे काय हे अमेरिकेत जाऊनही अभ्यासले होते. प्रेक्षकाला राजा दिसतो; राजा होण्यापूर्वी त्या मुलाने काय काय उड्या मारल्या, हे पडद्यामागे राहते. तसेच शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी नाट्यखेळांचे आपले पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध केले, त्याची मुळे खेळांतून शिकवणाऱ्या समाजशास्त्रज्ञ नीवा बॉइड यांच्या हाताखाली घेतलेल्या प्रशिक्षणात आणि पुढे स्थलांतरितांच्या मुलांना खेळ शिकवताना मिळालेल्या अनुभवात होती. ज्यांची भाषा एक नव्हती अशा मुलांना भाषणे देऊन काय उपयोग होता? खेळात ती आपोआप एकमेकांकडे पाहू लागत. हे सर्व मला त्या क्षणी सुचले नाही. रात्री भांडी घासताना सुचले, आणि स्वयंपाकघरात मी ते पुष्कळ प्रभावीपणे बोलले.

सभागृहात मात्र आजोबा खुर्ची सोडून उठले होते. “चुकेल तो बाद!” अशी घोषणा त्यांनी केली, आणि गोलाच्या मध्यभागी उभे राहून पंचगिरी सुरू केली. मुलांना स्पर्धेचे बाळकडू शाळेतच मिळालेले असल्यामुळे ती माझ्याकडे न पाहता लगेच त्यांच्या नियमाने खेळू लागली. नाट्यवर्गात ‘बाद’ का ठेवत नाहीत, याचे कारण अगदी साधे आहे: ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज असते तोच सर्वांत आधी बाहेर बसतो. नेमके तसेच झाले. जी मुलगी महिनाभर तोंडातल्या तोंडात बोलत होती आणि त्याच सकाळी पहिल्यांदा मोठ्याने ‘झिप’ म्हणाली होती, ती पहिल्याच फेरीत बाद झाली आणि भिंतीपाशी स्वतःचे दप्तर मांडीवर घेऊन बसली. मी खेळ थांबवला, तिला बोलावले, तर ती म्हणाली, “नको ताई, मी बाद आहे.” विजेता म्हणून आजोबांनी कुणाचे नाव जाहीर केले असेल, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

एका आजोबांवर चिडून फारसा उपयोग नाही, हे मला समजते. परंतु त्यांनी मोठ्याने विचारलेला प्रश्न बाकीचे पालक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतच असतात. नाटक कधी बसणार, माझ्या मुलाला किती वाक्ये, व्हिडिओ कधी मिळणार? पोहण्याच्या वर्गात अंग मोकळे केल्याशिवाय मुलाला पाण्यात सोडले तर हेच पालक तक्रार करतील, आणि गाण्याच्या वर्गात तासभर नुसता ‘सा’ लावला तर गुरुजींच्या पाया पडतील. नाटकाचे मात्र तसे नाही. नाटकात घसा, पाठ, भीती आणि लाज हे सारे मुले घरूनच मोकळे करून आणतात, असा समज आहे. संयोजकांची तर तक्रारच निराळी आहे: खेळ चालू असताना काढलेल्या छायाचित्रांत मुले वाकडीतिकडी दिसतात आणि ती जाहिरातीत वापरता येत नाहीत.

काल रात्री संयोजकांचा निरोप आला. एका ज्येष्ठ पालकांनी अतिशय मौलिक सूचना केली असून तिचे सर्वत्र स्वागत झाले आहे, असे त्यात लिहिले होते. त्यानुसार येत्या रविवारपासून वॉर्मअप दहा मिनिटांचा राहील, प्रत्येक मुलाला त्याचे गुणपत्रक दिले जाईल, त्यात झिप, झॅप आणि झॉप यांचे रकाने स्वतंत्र असतील, आणि निरीक्षक म्हणून स्वाक्षरी आजोबा करतील. मी सविस्तर उत्तर लिहिले, त्यात शिकागो आणि मुंबई दोन्ही आणले. त्यावर संयोजकांनी अंगठा दाखवला आणि पाठोपाठ कळवले की गुणपत्रकांच्या छपाईचा खर्च या महिन्याच्या माझ्या मानधनातून वळता करण्यात येईल, तरी पावती जपून ठेवावी, कारण आजोबा ती तपासणार आहेत.