"एआय मृत्यूची तारीख सांगतं" असं त्या रिसर्चमध्ये कुठेही नाहीये

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला: "हार्ट पेशंट कधी जाणार हे एआय स्कॅन बघून सांगतं, डॉक्टर 60% बरोबर, मशीन 80%, आता बाकी टेस्टची गरज नाही." तो माझ्या मावशीने वाचला. तिला पल्मनरी हायपरटेन्शन आहे, म्हणजे फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांमधलं प्रेशर वाढतं आणि हृदयाची उजवी बाजू थकत जाते. रात्री फोन करून म्हणाली, "अरे, माझी पण तारीख काढतील का रे?" म्हणून हे लिहितोय.

"हार्ट पेशंट" म्हणजे कोण ते आधी बघा. ही बातमी जानेवारी 2017 ची, लंडनचे संशोधक डेक्लन ओ'रेगन यांच्या टीमचं काम, आणि त्यातले 256 च्या 256 पेशंट मावशीच्याच आजाराचे. ब्लॉकेजवाले, बायपास झालेले, स्टेंट टाकलेले लोक त्यात नाहीतच, मग तुमच्या काकांच्या अँजिओप्लास्टीशी या आकड्याचा संबंध काय?

"टेस्टची गरज नाही" हे तर सरळ उलटं आहे. एकतर तो स्कॅन म्हणजे एमआरआय, ती पण एक टेस्टच आहे, मशीनमध्ये पडून "श्वास घ्या, सोडा, रोखून धरा" असं कितीतरी वेळा करावं लागतं, तेव्हा कुठे कॉम्प्युटरला धडधडणाऱ्या हृदयावरचे 30,000 पॉइंट्स कसे हलतात ते मिळतं. आणि मुख्य म्हणजे तिथे डॉक्टर आणि मशीन यांची मॅच लावलीच नव्हती. नेहमीच्या तपासण्या, म्हणजे स्कॅनची मापं, कॅथेटरने (हृदयात घातलेल्या बारीक नळीने) मोजलेलं प्रेशर, पेशंटची चालण्याची क्षमता, यांवरून काढलेल्या अंदाजाचा स्कोअर 0.60 होता, आणि त्याच तपासण्यांमध्ये हृदयाच्या हालचालीची माहिती मिळवल्यावर तो 0.73 झाला. मिळवल्यावर! जुन्या टेस्ट काढून टाकून नाही.

त्या चालण्याच्या टेस्टला मी मावशीबरोबर गेलो होतो. कॉरिडॉरमध्ये दोन टोकांना ट्रॅफिकचे असतात तसे कोन ठेवलेले, बोटाला ऑक्सिमीटर, सहा मिनिटं येरझाऱ्या. चौथ्या मिनिटाला ती भिंतीला हात टेकून थांबली, सिस्टरने खुर्ची पुढे केली पण घड्याळ बंद केलं नाही, कारण थांबलेला वेळ पण त्यातच धरतात. तेवढ्या सहा मिनिटांत डॉक्टरांना बरंच कळतं, ते फालतू म्हणून सोडून द्यायचं?

आता "80% बरोबर". शंभर पेशंटपैकी वर्षभरात समजा दहा जण गेले, तर डोळे मिटून "सगळे जगतील" म्हणणारा पण 90% बरोबर येतो, आणि नेमके ते दहाच त्याच्या हातून सुटतात. म्हणून नुसत्या टक्क्यावर जायचं नसतं. वरचा 0.73 साधारण असा समजा: वर्षाच्या आत गेलेला एक आणि जगलेला एक अशी जोडी घेतली, तर शंभरातल्या 73 जोड्यांमध्ये जास्त धोका कोणाला होता ते बरोबर ओळखलं. नाणं उडवलं तरी 50 येतात. सुधारणा खरी आहे, मला त्याचं कौतुकच आहे, पण 27 जोड्या चुकल्यात हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

आणि तारीख? तारीख कोणाचीच काढलेली नाही. पेशंट जास्त धोका आणि कमी धोका अशा गटांत वेगळे होतात, ते कशासाठी, तर ज्याला धोका जास्त त्याची औषधं लवकर वाढवता यावीत म्हणून. शिवाय आपल्याकडे हा आजार बरेचदा लहानपणी न बुजवलेल्या हृदयातल्या छिद्रामुळे किंवा संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपेमुळे होतो, तेव्हा लंडनचा आकडा इथे आधी तपासून बघायला लागेल.

त्याच मेसेजच्या शेवटी "डोळ्याच्या फोटोवरून हार्ट अटॅक कळतो" पण होतं. ते गुगलचं 2018 चं काम. त्याचा स्कोअर 0.70, आणि वय, बीपी, सिगारेट असल्या साध्या गोष्टींवरून धोका काढायच्या युरोपियन पद्धतीचा 0.72, म्हणजे फोटो काही साध्या गोष्टींच्या पुढे गेला नाही.

मावशीला फोनवर एवढंच सांगितलं की तारीख वगैरे काही नसते, मंगळवारी तुझी इको आहे, मी येतोय, जुन्या फाइली काढून ठेव.